बिऱ्हाड चाकांवर, कर कोणत्या गावाला?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नोंदलेल्या काही कंपन्यांना कचेरी नाही, नोकर नाहीत आणि धंदाही नाही. त्यांच्या मालकीची वस्तू एकच असते, ती म्हणजे मोटरहोम: झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा, न्हाणीघर आणि संडास असलेली, बसएवढी घरगाडी. ही गाडी मोंटानाच्या हद्दीत कधी शिरलेलीसुद्धा नसते. तिचा खरा मालक कॅलिफोर्नियात किंवा लुइझियानात राहतो, गाडीही तिकडेच उभी असते, पण कागदावर ती मोंटानातल्या कंपनीची असते. कारण मोंटानात सर्वसाधारण विक्रीकर नाही. कॅलिफोर्नियात हा कर कमीत कमी सव्वासात टक्के आहे. चार लाख डॉलरच्या मोटरहोमवर तो २९,००० डॉलर होतो, आणि त्यापुढे कंपनी काढण्याचा खर्च किरकोळ ठरतो. गाडी अकरा वर्षांची झाली की मोंटाना तिची कायमची नोंदणी करून देतं, मग दरवर्षीच्या नूतनीकरणाची कटकटही संपते. मोंटाना सरकारलाही या पाहुण्यांची कल्पना आहे. तीन लाख डॉलरपेक्षा महाग आणि दहा वर्षांच्या आतल्या मोटरहोमवर २०१७ च्या कायद्याने तिथे वर्षाला ८०० डॉलर जादा शुल्क बसवलं. शेजाऱ्याचा २९,००० डॉलरचा कर बुडतो, तेव्हा मोंटानाच्या पदरात ८०० पडतात, आणि या व्यवहारात तक्रार करायला मोंटानाला काहीच कारण उरत नाही.

अशाच एका खरेदीचा वाद लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्याच्या महसूल खात्याचं म्हणणं असं, की कंपनी हा नुसता बुरखा आहे, तो बाजूला करा आणि आत बसलेल्या माणसाकडून कर वसूल करू द्या. २०१४ साली न्यायालयाने निकाल माणसाच्या बाजूने दिला. कंपनी कायदेशीर मार्गाने स्थापन झालेली आहे, आणि कर वाचवण्याच्या हेतूने ती काढली एवढ्यावरून तिला फसवणूक म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. अनेकांना तो पटला नाही. मला तो योग्य वाटतो, कारण चूक न्यायालयात झालेली नव्हती, ती कराच्या रचनेत आधीपासून बसलेली होती. जी वस्तू जागा बदलण्यासाठीच बनवली आहे, तिच्यावरचा सगळा कर खरेदीच्या एका दिवशी आणि एका पत्त्यावर घ्यायचा, असं ठरवलं की पत्त्यालाच किंमत येते. एका कागदावर २९,००० डॉलर वाचत असतील, तर तो कागद करून देणारे वकील पैदा होणारच. पळवाट बंद करायची असेल तर पहारा वाढवून भागत नाही, पळून जाण्यातला फायदा कमी करावा लागतो. तो कमी होतो तो कर एकरकमी न घेता, गाडी जिथे आणि जितकी वावरते त्याप्रमाणे हप्त्याहप्त्याने घेतला तर. निरनिराळ्या देशांनी या घरगाड्यांवर कर बसवण्याचे जे प्रयोग केले, त्यांतून हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

पहाऱ्याचा मार्ग कॅलिफोर्नियाने चोखाळून पाहिला आहे. राज्याबाहेर घेतलेली गाडी बारा महिन्यांच्या आत राज्यात वापरात आली, तर ती इथल्या वापरासाठीच घेतली होती असं बहुतेक परिस्थितीत कायदा गृहीत धरतो, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. मग पेट्रोलच्या पावत्या, कॅम्पग्राउंडच्या पावत्या, दुरुस्तीची बिलं असा पुरावा जमवत बसावं लागतं. ज्याच्याकडे चांगला हिशेबनीस आहे तो बारा महिने गाडी बाहेर ठेवून तेराव्या महिन्यात आणतो. ज्याच्याकडे नाही तो सापडतो. नियम जितका काटेकोर, तितका तो जाणकाराच्या सोयीचा होतो, हा करकायद्यातला जुनाच अनुभव आहे.

पत्त्याच्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे आणि ती अप्रामाणिक नाही. घरदार विकून वर्षभर मोटरहोममध्येच राहणारी माणसं अमेरिकेत आहेत, त्यांत निवृत्तांचा भरणा मोठा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे. अशा माणसाला कोणत्या राज्याचा रहिवासी म्हणायचं? वाहन परवाना, विमा, बँक, मतदान, सगळ्याला पत्ता लागतो. साउथ डकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडा या तीन राज्यांनी ही गरज ओळखली. तिन्ही राज्यांत व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही, हा योगायोग अर्थातच नाही. साउथ डकोटात अशा भटक्याला एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेतला एक खण एवढ्यावर वाहन परवाना मिळतो. गाडीच्या खरेदीवर तिथे चार टक्के कर आहे. मात्र २०२३ मध्ये त्याच राज्याने मतदार नोंदणीसाठी तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. म्हणजे वाहन परवान्यासाठी एक रात्र पुरते, पण मत द्यायला महिना काढावा लागतो. या विसंगतीवर हसू येईल, पण तिच्या मुळाशी खरी अडचण आहे. या माणसांनी कुणाला फसवलेलं नाही. त्यांना एकच पत्ता द्यायला कायदा भाग पाडतो, आणि एकच द्यायचा तर ती सर्वांत स्वस्त पत्ता देतात.

या गाडीला घर म्हणायचं की वाहन, हेच अजून सरकारांचं ठरलेलं नाही, त्यामुळे गुंता आणखी वाढतो. अमेरिकेचं केंद्र सरकार प्राप्तिकराच्या हिशेबात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेल्या मोटरहोमला किंवा ट्रेलरला घर मानतं. मुख्य किंवा दुसऱ्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट तिच्या कर्जालाही लागू होते. तंबू टाकून जंगलात राहणाऱ्याला काही मिळत नाही, संडास असलेल्या बसला मिळतं. ब्रिटनमध्ये हा खेळ सेंटिमीटरवर चालतो. सात मीटरपेक्षा लांब किंवा २.५५ मीटरपेक्षा रुंद असलेला आणि कायम वास्तव्याच्या घराचं ब्रिटिश मानक पाळणारा कॅरव्हॅन मूल्यवर्धित करातून सुटतो, कारण तो घर ठरतो. त्याच मापाचा, पण ते मानक न पाळणारा सुट्टीचा स्थिर कॅरव्हॅन ५ टक्क्यांत बसतो. मोटारीमागे ओढायचा लहान कॅरव्हॅन मात्र पूर्ण २० टक्के देतो. मधला ५ टक्क्यांचा दर तर निव्वळ तडजोडीतून आला आहे. २०१२ च्या अर्थसंकल्पात स्थिर कॅरव्हॅनवर थेट २० टक्के लावायचा प्रस्ताव होता. हे कॅरव्हॅन बनवणारे कारखाने मुख्यतः हल आणि ईस्ट यॉर्कशरच्या पट्ट्यात आहेत. तिथल्या खासदारांनी आणि कामगारांनी आरडाओरडा केल्यावर सरकार नमलं, आणि एप्रिल २०१३ पासून ५ टक्के लागू झाला. या दराला कसलं तत्त्व नाही, तो फक्त त्या वर्षी झालेल्या आरडाओरड्याचा मध्य आहे.

घर आणि वाहन या दोन दगडांवर पाय ठेवल्याचा फायदा चैनीच्या करांत सर्वांत जास्त दिसतो. ऑस्ट्रेलियात ठरावीक किमतीवरच्या मोटारींना वरच्या रकमेवर ३३ टक्के चैनकर आहे, पण मोटरहोम आणि कॅम्पर व्हॅन त्यातून वगळलेल्या आहेत. कॅनडाने सप्टेंबर २०२२ मध्ये एक लाख डॉलरवरच्या गाड्यांवर चैनकर आणला, तिथेही मोटरहोमला सूट मिळाली. युक्तिवाद दोन्हीकडे सारखाच, की हे तर घर आहे आणि घराला चैन कसं म्हणायचं? आणि नगरपालिकेने घरपट्टीचं नाव काढलं की हेच घर पुन्हा वाहन होतं. दोन्ही वेळा बोलणारा माणूस एकच असतो, आणि दोन्ही वेळा तो कायद्याच्या चौकटीतच बोलत असतो.

मग सरळ वाहन मानून, इतर मोटारींसारखाच कर का लावू नये? ब्रिटनने हा प्रयोग केला आणि तो सहा महिने टिकला. सप्टेंबर २०१९ पासून नव्या मोटरहोमवर मोटारींप्रमाणे कार्बन उत्सर्जनावर आधारलेला वाहन कर लागू झाला. तोवर वर्षाला सुमारे २६० पौंडांत सुटणाऱ्या गाडीला पहिल्या वर्षी २,१३५ पौंडांपर्यंत भरावे लागू लागले. उद्योगाने दाखवून दिलं, की ही गाडी मुळात मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर उभी आहे. तोच सांगाडा सुताराने किंवा पार्सलवाल्याने घेतला तर त्याला जुना सपाट दर, आणि आत पलंग बसवला की आठपट कर. १२ मार्च २०२० पासून सरकारने निर्णय फिरवला. माझ्या मते माघार बरोबर होती, पण तिचं कारण अर्धवटच सांगितलं गेलं. कर वाढला एवढाच दोष नव्हता. प्रतिकिलोमीटर उत्सर्जनाच्या मोजमापावर पहिल्या वर्षी एक मोठी रक्कम घेतली गेली, आणि गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. धूर धावण्यातून निघतो. उन्हाळ्याचे चार महिने फिरणाऱ्या आणि बाकी काळ ताडपत्रीखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला रोज धावणाऱ्या मोटारीच्या तराजूत टाकलं, तर ती ओरडणारच.

जर्मनीचा मार्ग या गोंधळातून तावूनसुलाखून निघालेला आहे. तिथे २.८ टनांपेक्षा जड प्रवासी गाड्यांना ट्रकसारखा वजनावरचा स्वस्त कर लागत असे, आणि त्या आडोशाने मोठ्या चैनीच्या एसयूव्ही फिरत होत्या. मे २००५ मध्ये ही सवलत काढली तेव्हा मोटरहोमही त्या जाळ्यात सापडली. मग तिच्यासाठी स्वतंत्र कलम लिहावं लागलं आणि ते १ जानेवारी २००६ पासून मागील तारखेने लागू केलं गेलं. त्यानुसार गाडीच्या वापरण्याजोग्या जागेतला बहुतांश भाग राहण्यासाठी असेल तरच ती मोटरहोम, आणि तिला कर एकूण वजन आणि प्रदूषण वर्ग यांवरून. स्वच्छ वर्गातल्या गाडीला पहिल्या दोन टनांपर्यंत दर २०० किलोला १६ युरो आणि त्यापुढे दर २०० किलोला १० युरो. साडेतीन टनांच्या गाडीचा हिशेब १६० अधिक ८०, म्हणजे वर्षाला २४० युरो. किमतीचा कुठेही संबंध नाही. शिवाय हंगामी नंबरप्लेट मिळते. एप्रिल ते ऑक्टोबर अशी मुदत पाटीवर छापून घेतली की तेवढ्याच महिन्यांचा कर, उरलेल्या महिन्यांत गाडी रस्त्यावर आणायची नाही. मागे ओढायच्या कॅरव्हॅनला दर २०० किलोला ७.४६ युरो. या व्यवस्थेत कंपनी काढून पत्ता फिरवण्याचा मोह कुणाला होईल? एका वर्षाच्या २४० युरोंसाठी वकील परवडत नाही. नेदरलँड्सनेही वापर कमी हे मान्य करून मोटरहोमला वाहन कराचा फक्त चौथा हिस्सा लावला होता. १ जानेवारी २०२६ पासून तो हिस्सा चौथ्यावरून निम्म्यावर गेला आहे. जर्मन पद्धत मला अधिक बरी वाटते, कारण ठोक सवलतीत बारा महिने फिरणारा आणि बारा दिवस फिरणारा एकाच मापाने मोजले जातात.

न्यूझीलंड आणखी पुढे गेला. तिथे डिझेल गाड्यांना इंधनावर रस्ता कर नसतो, मालकाने किलोमीटर आगाऊ विकत घ्यायचे असतात. १९७८ पासून ही पद्धत चालू आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर, आणि डिझेल मोटरहोमही त्याच रांगेत. घर आहे का, चैन आहे का, मालक कुठला, हे प्रश्नच उरत नाहीत, चाक फिरलं की कर लागला. पण इथे एक गंभीर हरकत येते आणि ती डावलून पुढे जाणं बरोबर नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा इथे रस्त्यांची मोठी चाचणी झाली. रस्त्याची झीज साधारणपणे आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते, असा नियम त्यातून पुढे आला. त्या हिशेबाने साडेतीन टनांच्या मोटरहोमच्या आसापेक्षा दहा टन भार असलेला ट्रकचा आस रस्त्याचं सुमारे हजारपट नुकसान करतो. मग मोटरहोमवाला विचारू शकतो, की मी रस्ता झिजवतच नाही तर वजन आणि किलोमीटर मोजून माझ्याकडून काय घेता? रस्त्यापुरतं हे म्हणणं खरं आहे, आणि म्हणून रस्त्याचा कर थोडाच असावा. पण घरगाडीचा खरा भार रस्त्यावर पडत नाही, तो मुक्कामाच्या गावावर पडतो. तिला पाणी भरायचं असतं, टाकीतला मैला रिकामा करायचा असतो, कचरा टाकायचा असतो, रात्री उभं राहायला जागा हवी असते. समुद्रकाठच्या लहान गावाला उन्हाळ्यात याचाच ताण येतो, आणि खरेदीच्या वेळी भरलेल्या करातला छदामही त्या गावाला मिळत नाही. फ्रान्समध्ये १९१० पासून मुक्काम कर आहे, माणशी आणि रात्रीमागे, आणि तो स्थानिक संस्थेला मिळतो. कॅम्पिंगच्या जागांनाही तो लागू आहे. मला पटणारी रचना म्हणजे रस्त्यासाठी वजन आणि वापर यांवरचा लहान वार्षिक कर, आणि गावासाठी रात्रीचा कर. या दोहोंत गाडीच्या मालकाचा पत्ता विचारायची गरजच पडत नाही.

दुसरी हरकत राजकारणाची आहे आणि तिला सोपं उत्तर नाही. एकरकमी कर खरेदीच्या आनंदात खपून जातो. वार्षिक बिल दरवर्षी दारात येतं आणि दरवर्षी चीड आणतं. कॅलिफोर्नियात १९३५ पासून मालमत्ता कराऐवजी वाहनाच्या किमतीवर वार्षिक शुल्क आहे. २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या कारकिर्दीत कमी केलेलं हे शुल्क पुन्हा तिप्पट झालं. त्याच वर्षी लोकांनी त्यांना परत बोलावलं, आणि आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी शपथ घेतली त्याच दिवशी ही वाढ रद्द केली. आज ते शुल्क किमतीच्या ०.६५ टक्के आहे. वार्षिक कराचा आग्रह धरणाऱ्याने हा प्रसंग विसरू नये. पण त्याच्या बाजूला न्यू हॅम्पशरही ठेवून पाहावं. विक्रीकर नसलेलं हे राज्य करमुक्त म्हणून मिरवतं. तिथली गावं मात्र नोंदणीच्या वेळी गाडीच्या मूळ छापील किमतीवर हजारी १८ डॉलर घेतात, पुढच्या वर्षी १५, मग १२, ९, ६ आणि अखेर ३. पहिल्या सहा वर्षांची बेरीज हजारी ६३, म्हणजे ६.३ टक्के. कित्येक राज्यांच्या विक्रीकराएवढीच रक्कम, फक्त हप्त्यांनी आणि मालक जितकी वर्षं तिथे राहील तितकीच. तिथे या शुल्कावरून कुणा गव्हर्नरची खुर्ची गेली नाही. लोक चिडतात ते अचानक तिप्पट झालेल्या बिलावर. दरवर्षी उतरत जाणारं बिल माणूस कुरकुरत का होईना भरतो.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून द्यावं असं नाही, कारण एकरकमी कर आणि पत्ता यांचं गणित महाराष्ट्राला चांगलंच परिचयाचं आहे. आपल्याकडे खासगी मोटारीचा कर नोंदणीच्या वेळी एकदाच घेतला जातो. पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५, कंपनीच्या नावावर आयात किंवा इतर कोणतीही मोटार असेल तर २० टक्के, आणि जुलै २०२५ पासून कमाल मर्यादा ३० लाख रुपये. पुदुच्चेरीची पाटी लावून केरळात फिरणाऱ्या महागड्या गाड्यांचं प्रकरण २०१७ मध्ये गाजलं, ते मोंटानाचंच भारतीय रूप होतं. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर नवी नोंदणी घ्यावी लागते. कॅलिफोर्नियाचेही बारा महिनेच, आणि बारा महिने मोजणार कोण, हा प्रश्नही तोच. २०२१ मध्ये आलेल्या बीएच या वाहन-क्रमांकांच्या मालिकेने या बाबतीत शहाणपणाचं पाऊल टाकलं. तिथे कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरायचा असतो, कारण मालक बदलीवर जाणार हे आधीच गृहीत धरलेलं आहे. मात्र ती सोय सरकारी नोकर, संरक्षण दल आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यापुरती आहे. ज्या वाहनाचा जन्मच राज्यांच्या सीमा ओलांडण्यासाठी आहे, त्या कॅरव्हॅनला ती नाही.

कॅरव्हॅन म्हणजे नेमकं काय, याबाबत आपलाही पाय दोन दगडांवर आहे. केंद्राच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांच्या दोन याद्या आहेत, परिवहन आणि परिवहनेतर. कॅम्पर व्हॅन दोन्हींत आहे. खासगी वापराची असेल तर दुसऱ्या यादीत, नाहीतर पहिल्या. जीएसटीसाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतःच्या इंजिनावर चालणारी घरगाडी मोटारींच्या ८७०३ या शीर्षकात येते आणि ओढायचा कॅरव्हॅन ८७१६ मध्ये. ट्रेलरवर जुलै २०१८ पासून १८ टक्के आहे. ८७०३ मधल्या चार मीटरपेक्षा लांब मोटारींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तोच पलंग, तोच ओटा, पण इंजिन आत आहे की पुढे जोडलेलं आहे यावर २२ टक्क्यांचा फरक. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि त्याच वर्षी केरळनेही. केरळने गाडी घेणाऱ्या पर्यटन व्यावसायिकाला अनुदान दिलं, पहिल्या शंभर गाड्यांना साडेसात लाख रुपये किंवा खर्चाच्या १५ टक्के, यांपैकी कमी असेल ते. पुढे तिथे कॅरव्हॅनवरचा वाहन करही प्रति चौरस मीटर १००० रुपयांवरून ५०० केला गेला. क्षेत्रफळावर वाहन कर म्हणजे घरपट्टीचाच नमुना गाडीला लावल्यासारखं झालं, पण किमतीवरच्या एकरकमी करापेक्षा मला तो पुष्कळ बरा वाटतो.

आपल्याकडे अशा गाड्या आहेतच किती, त्यांच्यासाठी कर कशाला लिहीत बसायचं, असं कुणी म्हणेल. गाड्या थोड्या आहेत तोवरच नियम स्वस्तात बदलता येतो. हलच्या कारखान्यांसारखा दबावगट उभा राहिला, की तत्त्व बाजूला पडतं आणि तडजोडीचा आकडा कायम होतो. महाराष्ट्राला नवं काही शोधायचीही गरज नाही. रस्त्यासाठी बीएच मालिकेचा हप्ता कॅरव्हॅनला खुला करता येईल, वजनाप्रमाणे आणि हवं तर हंगामाप्रमाणे. गावासाठीचा कर तर महाबळेश्वर आणि पाचगणीच्या नाक्यांवर आधीपासून आहे, त्याला प्रवासी कर म्हणतात. तो माणशी आहे, पत्ता न विचारता घेतला जातो, आणि नगरपालिकेकडे जमा होतो. अडचण एवढीच, की तो शिरताना एकदाच भरायचा असतो. दुपारी स्ट्रॉबेरी खाऊन परतणारा आणि चार रात्री टाकी भरत-रिकामी करत राहणारा, दोघांच्या हातात सारखीच पावती येते. ती रात्रीमागे करायची, आणि त्या पैशातून नाक्याच्या पुढे कुठेतरी मैला रिकामा करायची एक पक्की जागा बांधायची, हे नगरपालिकेच्या आवाक्यातलं काम आहे.